तुझ्या तळणाच्या तेलावरची गाडी

मंदा, तुला तुझ्या माहेरच्या खाडीत सोडून परत येताना नागोठण्याजवळ गाडी पंपावर घ्यावी लागली. टाकीत होतं ते तुझ्या कढईतल्या तेलाचं शेवटचं इंधन, आणि ते पेणहून निघतानाच तळाला लागलं होतं. पंपावरच्या माणसानं विचारलं, "काका, डिझेल ना?" मी मान हलवली. त्यानं नळी टाकीत घातली तसं मी तोंड दुसरीकडे फिरवलं. आपली प्राची शेजारी बसली होती, मांडीवर रिकामा तांब्या. "बाबा, रडू नका ना," ती म्हणाली. मी रडत नव्हतो. डिझेलच्या वासानं माझे डोळे चुरचुरतात. तिला ते पटलं नाही आणि मला पटवायचंही नव्हतं.

सगळे म्हणत होते, अस्थी हरिहरेश्वरला न्या. माझा चुलतभाऊ खांबहून मुद्दाम तेवढंच सांगायला आला होता. पण तू कधीतरी भांडी घासता घासता बोलली होतीस, "मना लांब कुठं नेऊ नका. आमच्या खारीत सोडा, तिथलं पानी मना वलखतं." तुमच्या खारेपाटातल्या बोलीत ळ नाही, ण नाही, ड चा र होतो, आणि 'शेतात'चं 'शेतान' होतं. लग्न झाल्यावर पहिलं वर्षभर मला तुझं निम्मं बोलणं कळायचं नाही. तू गाडीला गारी म्हणायचीस, झाडाला झार म्हणायचीस, आणि मी खांबचा, आतल्या भात-वालाच्या गावातला, हसायचो. तू चिडून म्हणायचीस, "तुमचं व्हय न् व्हय काय कमी हाय?" आता घरात कुणी माझ्या 'व्हय'ला हसत नाही.

प्राची आठवडाभर राहिली. जाताना तिच्या घरी, पनवेलला चला म्हणून मागे लागली. मी म्हटलं, बघू. ती गेल्यावर कळलं की रोह्यातलं आपलं घर इतकं शांत आहे की मागच्या खोलीतला फ्रिज चालू-बंद होतो तेही ऐकू येतं. तू असताना तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तू एकतर बोलत असायचीस, नाहीतर काहीतरी परतत असायचीस.

तुझा वड्याचा गाडा अजून धाटावला कंपनीच्या गेटबाहेर उभा आहे, झाकून. सकाळची शिफ्ट सुटायच्या वेळेला मी दोनदा तिकडे गेलो. का गेलो ते विचारू नकोस. गेटमधून बाहेर पडणारे लोक सवयीनं गाड्याकडे वळतात आणि झाकलेलं कापड बघून पुढे जातात. मला ओळखणारे थांबतात, खांद्यावर हात ठेवतात. एकजण म्हणाला, "काकींच्या हातचा वडा खाल्ला की शिफ्ट सुटल्यासारखं वाटायचं." मी ज्या कंपनीत ऑपरेटर म्हणून जन्म काढला तिच्याच गेटवर तू इतकी वर्षं उभी होतीस, आणि कंपनीत मला लोक "वडेवाल्या काकींचे मिस्टर" म्हणून ओळखायचे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. हे तुला सांगितलं होतं का मी? बहुतेक नाही.

लोकांना वाटतं तेलापासून इंधन करायची कल्पना माझी. मीही तसं वाटू दिलं असेन, पण सुरुवात तुझ्या एका प्रश्नानं झाली. मी नुकताच रिटायर झालो होतो आणि दुपारी गाड्यावर येऊन बसायचो. तेव्हा एक माणूस मोटारसायकलला डबा अडकवून यायचा आणि तुझं काळं पडलेलं तेल विकत घेऊन जायचा. मी एकदा त्याच्या मागोमाग गेलो. तो ते तेल दुसऱ्या हातगाडीवर देत होता, तिथं त्यात परत भजी तळली जात होती. मी तुला येऊन सांगितलं की हे तेल पुन्हा माणसांच्या पोटात जातंय. तू कांदा चिरत होतीस. तो पुरा चिरून संपवलास. मग म्हणालीस, "मग वतू कुठं? गटारीन?"

दुसऱ्या दिवशी तो माणूस आला तेव्हा तू त्याला सांगितलंस, "नाय देनार." तो जास्त पैसे देतो म्हणाला. तू झारा कढईत आपटलास आणि म्हणालीस, "बोलले ना नाय." तेल मागच्या खोलीत डब्यात साठत गेलं. खोलीला वास मारायला लागला. शेवटी तूच म्हणालीस, "कंपनीन एवढी वर्षं केमिकलं ढवललीत तुमी, ह्याचं काय होतं का बघा की."

तळलेल्या तेलापासून गाडीचं इंधन होतं हे मी ऐकून होतो. तेल गाळायचं, त्यातलं पाणी काढायचं, मग केमिकल घालून ढवळायचं, की जड भाग खाली बसतो आणि वर राहतं ते डिझेलच्या जागी चालतं. ऐकायला सोपं आहे. माझा पहिला घाणा फसला. तेलात पाणी राहिलं असावं. सगळ्याचा घट्ट, पिवळा साबण झाला. मी डोक्याला हात लावून बसलो होतो आणि तू त्यातला गोळा काढून नळाखाली कढई घासून बघितलीस. कढई अशी लख्ख निघाली, की तू आतून हाक मारलीस, "अवो, हे पन बरंच हाय की!" त्या दिवशी इतकं हसलो आपण. पुढे कितीतरी महिने गाड्यावरची भांडी माझ्या फसलेल्या इंधनानं घासली गेली.

मग हळूहळू जमलं. परसातल्या शेडमध्ये ड्रम आले. तू मला त्या शेडमध्ये विडी पेटवू द्यायची नाहीस, आणि नंतर घरातही पेटवू द्यायची नाहीस. "भरका उरंल" हे तुझं कारण होतं. पण शेडपासून एवढ्या लांब कसला भडका उडतोय, विडी सोडवायचीच होती तुला. सुटली. इंधन धुवायला पाणी अगदी हळू सोडावं लागतं, नाहीतर फेस होतो. ते काम तुझ्याकडे होतं, कारण माझा हात घाई करायचा. तू स्टुलावर उभी राहून तांब्यानं धार धरायचीस आणि खाली उभ्या असलेल्या मला बाजारातल्या गोष्टी सांगायचीस.

आपल्या छोट्या हत्ती टेम्पोत ते इंधन पहिल्यांदा घातलं तेव्हा मेकॅनिक इकबालभाईंनी कानाला हात लावला. "भाभी, याला समजवा, गाडी जाईल." तू म्हणालीस, "गेली तर त्यांची गेली. वरे मी डोक्यावर नेईन." गाडी गेली नाही. धूर कमी झाला, आवाजही थोडा मऊ झाला. फक्त एकदा फसवलं तिनं, आणि तेही तुझ्या भाचीच्या हळदीला निघालो होतो तेव्हा. भिसे खिंडीच्या चढावर इंजिन गचके खायला लागलं आणि बंद पडलं. टाकीत वर्षानुवर्षं साठलेला गाळ नव्या इंधनानं सोडवून फिल्टरमध्ये आणून कोंबला होता. मी फिल्टर काढायला वाकलो आणि तू हिरवी नवी साडी आवरत रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसलीस.

तिथं तू मला एक प्रश्न विचारलास.

"आपली एक गारी चालवायला माझा रोजचा घाना लागतो. मंग जगातल्या समद्या गाऱ्या चालवायला किती वरे तलायचे ओ?"

मी हात काळे करून हसत होतो. म्हटलं, "सगळ्या नाही चालणार. पण कुठे तळणाचं तेल, कुठे करंजाचं, कुठे उसाच्या मळीचं, असं थोडंथोडं करत बऱ्याच चालतील."

"थोरंथोरं," तू म्हणालीस. "आनि तोवर आमी खिंडीन बसायचं."

हळद चुकली. तुझ्या वहिनीनं पुढे किती दिवस ऐकवलं. पण मंदा, मला विचारशील तर आपल्या संसारातल्या चांगल्या सकाळींपैकी ती एक होती. समोर दरीत पळस फुलले होते आणि तू डब्यातले वडे काढून मला भरवलेस, माझे हात खराब होते म्हणून. एक एसटी गेली, त्यातले लोक खिडकीतून बघत होते. तुला लाज वाटली नाही.

थंडीतल्या सकाळीही तशाच. थंडी वाजली की आपलं इंधन डालड्यासारखं गोठायचं आणि गाडी सुरूच व्हायची नाही. मी बॉनेट उघडून शिव्या देत उभा असायचो. तू चहासाठी ठेवलेलं आधण तसंच उचलून आणायचीस आणि फिल्टरवर ओतायचीस. "घ्या, गारीला आधी पाजा, मंग तुमाला." आणि गाडी सुरू व्हायची. एवढ्याशा गोष्टीवर मी किती वर्षं खूश राहिलो.

आपलं खरं भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवरून झालं, आणि ते मिटलं नाही.

तुझ्या माहेरची जमीन खाडीच्या कडेला. तिथं खाडीचं पाणी अडवणारा बाहेरचा बांध फुटला आणि खांड पडली, हे एवढं भगदाड. भरतीचं खारं पाणी शेतात यायला लागलं. आधी एक वर्ष भात पिवळा पडला, मग आलाच नाही. तुझे वडील त्या दुःखातच गेले असं तू म्हणायचीस. नंतर खालच्या अंगाला तिवरं उगवली. ती आता कायद्यानं तोडताही येत नाहीत. वरचा तुकडा, तुझा आणि तुझ्या भावाचा, नामदेवचा, नुसता पांढरा पडून राहिला. उन्हाळ्यात त्याच्यावर मिठाचा थर चमकायचा.

मला त्या तुकड्यात करंज दिसायचा. करंज खाऱ्या जमिनीत उगवतो, पाण्यात पाय बुडवून उभा राहतो, त्याला खत लागत नाही, गुरं त्याला तोंड लावत नाहीत. आम्ही खांबला लहानपणी करंजेल खरजेवर लावायचो, दिव्यात घालायचो. त्याच्या बियांच्या तेलापासून इंधन होतं. मी तुला म्हटलं, वड्यांच्या तेलावर एक गाडी चालते, करंज लावले तर दहा चालतील. तुमच्या गावच्या होड्यासुद्धा चालतील. जमीन पडीकच आहे.

तू जेवत होतीस. हातातला घास ताटात ठेवलास.

"परीक नाय ती," तू म्हणालीस. "परलेली हाय. परलेल्याला उठवायचं असतं. माझ्या बापाच्या शेतान गारीचं तेल पिकवायचं नाय."

"अगो, पण भात येतो कुठे तिथं?"

"खांड बुजवा, येईल."

"कोण बुजवणार?"

"ते मना नाय म्हाईत. पन राता पिकायचा तिथं. लाल भात. त्याची पेज प्यालो म्हनून एवढी वर्षं गेटवर उभी राह्यले मी."

त्यानंतर कितीदा भांडलो आपण. टीव्हीवर एकदा दाखवलं की तांदळापासूनही इथेनॉल करतात, पेट्रोलमध्ये मिसळायला. तू रिमोट ठेवलास आणि माझ्याकडे असं बघितलंस जसं काही ती फॅक्टरी मीच काढली होती. "तांदुल? तांदुल गारीन घालतात?" मी सांगायला गेलो की जुना, खराब झालेला तांदूळही असतो, आणि बाहेरून तेल आणण्यापेक्षा बरं, आणि धूर कमी होतो, आणि मी म्हणतोय ते तर करंजाचं आहे, त्यात कुणाच्या तोंडचा घास जात नाही. तू म्हणालीस, "शेत जातं ना. झारं एकदा उभी राह्यली की परत भात कोन लावनार?" माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. तुझ्याकडे खांड कोण बुजवणार याचं उत्तर नव्हतं. मग तू आत जायचीस, मी परसात जायचो. आणि थोड्या वेळानं तू शेडच्या दाराशी चहा ठेवायचीस. भांडण चालू असतानाचा चहा नेहमी जास्त गोड असायचा. मुद्दाम करायचीस की साखरेवर लक्ष नसायचं, कुणास ठाऊक.

मग तुझे डोळे पिवळे झाले. कावीळ म्हणून झाडपाल्याचं औषध घेतलं, पथ्य केलं. पनवेलला तपासलं तेव्हा कावीळ निमित्त निघाली. पोटात गाठ होती. डॉक्टर माझ्याशी हळू आवाजात बोलत होते आणि तू बाकावरून ओरडलीस, "मना पन सांगा, पोट माजं हाय."

शेवटी तू हॉस्पिटलात असताना एका दुपारी प्राची औषधं आणायला खाली गेली होती. मी तुझे पाय दाबत होतो. पायांत काही उरलं नव्हतं. तू म्हणालीस, "अवो, ऐका. नामाला मी सांगितलंय. शेतान तुमची करंजाची झारं लावा."

मी म्हटलं, "बरी हो आधी. मग भांडू त्याच्यावर."

"आता भांरायला दम नाय मना," तू म्हणालीस आणि खिडकीकडे तोंड केलंस. त्यानंतर तो विषय तू काढला नाहीस. मीही काढला नाही. चौथ्या का पाचव्या दिवशी तू गेलीस.

मंदा, तू हो का म्हणालीस? मी हे इतक्या वेळा स्वतःशी फिरवलं आहे. तुला खरंच पटलं होतं का? की थकून म्हणालीस? की तुझ्यामागे मी नुसता बसून राहीन, माझ्या हाताला काहीतरी काम हवं, म्हणून दिलंस? तिसरं असेल असं मला वाटतं, तशीच होतीस तू. पण हे तुझ्याकडून ऐकल्याशिवाय मला ते मान्य करता येत नाही. इतकी वर्षं मला हे भांडण जिंकायचं होतं. जिंकलो तेव्हा माझ्या हातात तुझे पाय होते आणि ते थंड लागत होते.

तू गेल्यावर मी शेडला कुलूप लावलं होतं. कढई बंद, तर तेल कुठून येणार. पण एक दिवस रोहा स्टेशनजवळ भज्यांचा गाडा लावते ती सुरेखा दारात आली. दोन्ही हातांत डबे. "काका, काकी दर आठवड्याला न्यायच्या माझं तेल. साठलंय. गटारात ओतायचं नाही अशी शपथ घातलीय त्यांनी, आता मी कुठं ओतू?" मी डबे घेतले. ती उंबऱ्याशीच थांबली, आत बघत. मग म्हणाली, "काकी ओरडायच्या मला, तेल लवकर बदल म्हणून. आता कुणी ओरडत नाही." तिला चहा विचारायचं माझ्या लक्षातच आलं नाही. ते तुझं खातं होतं.

मी कुलूप काढलं. तेल गाळलं, तापवलं, ढवळलं. धुवायची वेळ आली तेव्हा स्टुलावर चढलो, तांब्यानं धार धरली, आणि खाली बोलायला कुणी नाही. माझा हात आता घाई करत नाही. घाई कशासाठी करायची? इंधन चांगलं निघालं, अगदी स्वच्छ. बाटलीत घेऊन उजेडात धरलं. मग ते कुणाला दाखवायचं हे न कळून तसंच खाली ठेवलं.

वैशाखात नामदेवचा फोन आला. "भावोजी, रोपं कवा आनायची? ताय सांगून गेलीय." मी म्हटलं, येतो. गेलो. शेतावर पोचलो तेव्हा ऊन टळटळीत होतं आणि मिठानं पांढऱ्या पडलेल्या जमिनीवरून डोळे उघडवत नव्हते. तू म्हणायचीस ते खळं कुठे होतं ते नामदेवनं दाखवलं. मग आम्ही बांधावर चढलो. खांडीपाशी पाचपन्नास माणसं, बाया जमली होती. गावानं स्वतःच खांड बुजवायचं ठरवलं होतं. पण दगड आणायची मोठी अडचण होती. मोठा डंपर त्या अरुंद बांधावर येत नाही, आणि डोक्यावर किती वाहणार?

नामदेव म्हणाला, "हे चाललंय आपलं. टिकंल का नाय, काय खरं नाय. तुमी तुमची रोपं लावून घ्या. खड्डे मारायला मानसं बघतंय मी."

मी म्हटलं, "रोपं राहू दे."

"राहू दे? पन ताय तर हो बोलली व्हती."

"हो म्हणाली म्हणूनच." मला नीट सांगता येईना. "नामदेव, ती धडधाकट असती तर हो म्हणाली असती का?"

त्यानं खाडीकडे बघितलं. भरती चढत होती. "ताय?" तो म्हणाला. "जल्मात नाय." आणि आम्ही दोघं हसलो. तू गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो ते त्या बांधावर, तुझ्या हट्टावर. मग नामदेव हसता हसता खाली बसला आणि त्यानं टॉवेल तोंडाला लावला. मी त्याच्या शेजारी बसलो. कामावरच्या लोकांकडे आमची पाठ होती.

दुसऱ्या दिवसापासून छोटा हत्ती दगड वाहायला लागला. बांधावर बरोब्बर मावतो तो. आधी सुरेखाच्या भज्यांच्या तेलावर चालला, मग तिनं सांगून आणखी दोन गाड्यांवरचं तेल मिळवून दिलं. तुझ्या गावच्या बाया दगड उतरवताना पदर नाकाला लावून हसायच्या. "भावोजी, तुमच्या गारीच्या मागं चाललं की भूक लागते ओ!" एकजण म्हणाली, "मंदाची गारी हाय ही." कुणीतरी लगेच तिला गप्प केलं. मला बरं वाटलं होतं खरं तर. त्यांनी गप्प करायला नको होतं. मी काचा पुसायला लागलो, काचा स्वच्छच होत्या.

मला कुणी विचारलं की करंजाचं काय झालं, तर मी सांगतो की माझं मत अजून तेच आहे. तेल जमिनीतून उपसून कायमचं पुरणार नाही, आणि पडून असलेल्या खाऱ्या जागांवर, रस्त्यांच्या कडेला करंज लागलेच पाहिजेत. खांबच्या आमच्या बांधावर मी या पावसाळ्यात लावलेत काही. त्याला तुझी हरकत नसावी, तिथं कधीच भात नव्हता. पण तुझ्या बापाच्या शेतावर मी तुझ्या त्या शेवटच्या 'हो'वर झाड लावणार नाही. ते हो मला नको आहे. मला तुझं नाय हवं होतं, जोरात, ताटातला घास खाली ठेवून म्हटलेलं.

बांधानं या आषाढातलं उधाण धरलं. एका जागी पाणी झिरपलं, लोकांनी पोती टाकली, पण फुटला नाही. पावसानं जमिनीतलं मीठ खाली उतरतं म्हणतात, किती उतरलं ते एवढ्यात कळत नाही. नामदेवनं कुठून तरी जुन्या रात्याचं बी मिळवलं, मोड आणलेलं, आणि वरच्या तुकड्यात फेकलं. दोघांनाही खात्री नव्हती. मी म्हटलं, बी वाया गेलं तर? तो म्हणाला, "जाऊ दे. तायच्या नावानं गेलं."

वरच्या अंगाला हिरवं आलंय, मंदा. दाट नाही, पण आलंय. खालच्या अंगाला, खांडीच्या बाजूला, पातींची टोकं पिवळी आहेत. तिथं काय होईल सांगता येत नाही. लोंब्या धरल्या तर तुझं खरं झालं. नाही धरल्या तर दोनेक वर्षांनी कदाचित माझं खरं होईल, तेव्हाचं तेव्हा बघू.

परवा शेतावरून संध्याकाळी रोह्याला आलो. पाय चिखलात भरलेले. कुलूप काढलं, दार ढकललं, आणि चपला काढता काढता दारातूनच मोठ्यानं म्हणालो, "वरच्या अंगाला भातानं मूळ धरलंय गो!"

मग तसाच उभा राहिलो, एका पायात चप्पल घेऊन. "आनि खालच्या अंगाला?" असं आतून कुणी विचारलं नाही.